शशी, ती टेप मी लावली होती

शशी,

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. कम्प्युटरच्या खोलीबाहेर आपण चपला काढायचो त्या फळीवर तुझी जागा अजून तशीच आहे. कोणी मुद्दाम रिकामी ठेवलेली नाही. त्या खोलीत आपण दोघीच जायचो, आता मी एकटी जाते, एवढंच.

डॉक्टरसाहेबांनी मला तुझ्यावर चार ओळी लिहायला सांगितलं होतं. रक्तपेढीच्या अंकात छापायच्या होत्या. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीला कधी लागली, स्वभाव मनमिळाऊ. मी कागद टाइपरायटरला लावला आणि तुझं नाव टाइप करून तशीच बसून राहिले. ते माझ्याकडून होणार नाही. मला तुझ्याबद्दल बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि ती अंकात छापण्यासारखी नाही.

पण सुरुवातीपासून सांगते. सुरुवातीला तू मला आवडत नव्हतीस.

रक्तपेढीत मी तुझ्या नऊ वर्षं आधी लागले. आले तेव्हा टायपिस्ट होते. पहिला पीसी आला तेव्हा सगळे लांबून पाहत होते, त्याच्यावरचं कापड काढायला पुढे झाले ती मी. रक्तदात्यांची सगळी कार्डं, नाव, रक्तगट, मोहल्ला, शेवटचं रक्त कधी दिलं ते, एकेक करून फ्लॉपीवर मी नेली. डॉस मला तोंडपाठ होतं. नवा प्रोग्राम आला की फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालायची, इन्स्टॉल असं टाइप करायचं, आणि तो विचारेल तितक्या वेळा वाय दाबायचं. शेवटी स्क्रीनवर यायचं, झालं. मी हात झटकून उठायची.

मग ठरलं की आता युनिक्सचं मोठं मशीन घ्यायचं, तीन टर्मिनलं जोडायची. त्याच्या तीन महिन्यांच्या कोर्सला पुण्याला साहेबांनी तुला पाठवलं. पंचिंगची, म्हणजे कार्डांवर भोकं पाडायची, नोकरी सोडून तुला आमच्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी जुन्या शहरातल्या महाल भागातली, घरात चार पिढ्यांची कारकुनी. तू पारशिवनीकडच्या खेड्यातून आलेली, घरातली पहिली मॅट्रिक. मला ते सोसलं नाही. वयामुळे सोसलं नाही असं मी स्वतःला सांगत होते, पण नुसतं वय नव्हतं. लहानगी पोर आईकडे ठेवून तू एकटी तिकडे तीन महिने कशी राहिलीस, हे मी तुला कधी विचारलंसुद्धा नाही.

परत आल्यावर मला शिकवायचं काम तुझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ए ड्राइव्ह कुठे आहे. तू म्हणालीस, नाही. मग सी? तोही नाही. मग सामान ठेवायचं कुठे, असं मी जवळजवळ भांडूनच विचारलं. तू प्रिंटरचा एक लांब कागद फाडून घेतलास आणि त्याच्या पाठीवर एक उलटं झाड काढलंस, मूळ वर आणि फांद्या खाली. सगळं याच एका मुळातून निघतं, बाहेरून फ्लॉपी आली तरी तिला याच झाडाच्या एखाद्या फांदीला टांगावं लागतं, असं समजावलंस. तो कागद मी घरी नेला आणि जेवताना समोर ठेवून पाहिला. मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक फाइल कॉपी केली. डॉस असतं तर सांगितलं असतं, एक फाइल कॉपी झाली. हे मशीन गप्प. मी तीच कमांड परत दिली. परत गप्प. तिसऱ्यांदा देणार तर तू माझा हात धरलास.

"ताई, थे चूप आहे म्हणजे झालं. बिघडलं असतं तं बोललं असतं."

मी म्हटलं, हे कुठलं वागणं, काम करायचं आणि सांगायचंही नाही. तू एवढी हसलीस की तुला खुर्चीचा हात धरावा लागला. मग मलाही हसू आलं. तुझ्यावर रागावून राहणं कठीण जाणार, हे मला त्या दिवशी समजलं.

माझ्या डब्यातलं तू पहिल्याच दिवशी खाल्लंस. तुझ्या डब्याला हात लावायला मला दोन महिने लागले. त्याचं कारण तुला माहीत होतं आणि मलाही. आपण त्यावर कधीच बोललो नाही. ज्या दिवशी मी हात पुढे केला त्या दिवशी तुझ्याकडे भाकर आणि जवसाची चटणी होती. तू डबा सरकवलास आणि टेपबद्दल जे बोलत होतीस ते बोलत राहिलीस, जणू काही झालंच नाही.

या मशीनवर प्रोग्राम चढवायचा म्हणजे वाय दाबत बसणं नव्हे, हे तू मला किती वेळा सांगितलंस. नवा प्रोग्राम इथे टेपवर यायचा; टेप लावली की लगेच उलगडायची, म्हणजे मशीनवर उतरवायची, नाही. आधी तिच्यावर काय काय आहे त्याची यादी काढायची. कोणती फाइल कुठे जाऊन बसणार ते वाचायचं. मग ती स्वतःच्या घरात, म्हणजे आपल्या नावाची जी जागा मशीननं दिली आहे तिथे, उघडून पाहायची. सगळं नीट चाललं तरच सुपरयुझर होऊन सगळ्यांच्या जागेत ठेवायची. "आधी पाह्य, मंग खोल," असं तू म्हणायचीस.

सुपरयुझरवरून आपलं भांडण झालं. तो पासवर्ड फक्त तुझ्याजवळ होता. तो टाकला की मशीन कशालाच अडवत नाही, काहीही पुसा, काहीही बदला. मी मागितला, तू दिला नाहीस. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही.

"विश्वासाची गोष्ट नाई वं ताई. मी बी दिवसभर सुपरयुझर होऊन बसत नाई. माणसाचा हात चुकतो."

मी म्हटलं, पंचवीस वर्षं टायपिंग करते आहे, माझा हात चुकत नाही. मी दोन दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. ते भांडण आपण संपवलं नाही. ते तसंच राहिलं.

आता ऐक. जिनं पंचवीस वर्षं टायपिंग केलं तिला दुसऱ्याची बोटं वाचता येतात. तू पासवर्ड टाकताना स्क्रीनवर अक्षरं दिसत नसत, पण तुझी बोटं दिसत होती. तीन-चार वेळा पाहिल्यावर तो मला पाठ झाला. मी चोरला, शशी. दुसरा शब्द नाही.

पुढच्याच आठवड्यात तू आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजेवर गेलीस. शुक्रवारी टपालानं कंपनीची टेप आली, दात्यांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती. तू सांगून गेली होतीस, टेप आली तर कपाटात ठेव, मी आल्यावर दोघी मिळून पाहू. साहेब येता-जाता एवढंच म्हणाले, अरे वा, आली का, कधी लागणार मग? मी म्हटलं, आजच लावते.

जेवणाच्या सुटीत खोलीत कोणी नव्हतं. मी सुपरयुझर झाले. टेपवर काय आहे ते पाहिलं नाही. सरळ उलगडली. मशीन गप्प राहिलं आणि मला आनंद झाला, कारण तूच शिकवलं होतंस, गप्प म्हणजे झालं.

मग मी यादी उघडली. आपल्या हजारो दात्यांच्या जागी बारा नावं होती. कंपनीनं नमुन्याला घातलेली, खोटी. टेपवरची यादी आपल्या यादीच्याच नावाची होती आणि तिच्याच जागी जाऊन बसली होती. मी परत उघडली. बाराच. मी टेप काढली, पाकिटात घातली, कपाटात ठेवली, आणि डोकं दुखतं सांगून घरी गेले. शनिवारी आले नाही.

शनिवारी काय झालं ते मला सोमवारी वॉचमनकडून समजलं. तू सकाळी रजेवरून आलीस तर दारात एक माणूस उभा होता. त्याची बायको बाळंतपणात रक्तस्राव होऊन पडली होती आणि तिला ओ निगेटिव्ह हवं होतं. आपल्याकडे एकही बाटली शिल्लक नव्हती. साहेबांनी यादी उघडली तर ही बारा खोटी नावं. यादीची नक्कल ठेवलेल्या जुन्या टेपवरून खरी यादी परत आणायला वेळ लागणार होता, आणि त्या बाईकडे वेळ नव्हता. तू मशीनसमोर न बसता फोनजवळ बसलीस. काटोलच्या संत्रा मंडीतले एक व्यापारी ओ निगेटिव्ह आहेत हे तुझ्या लक्षात होतं, कारण त्यांचं नाव तू स्वतः भरलं होतंस. ट्रंक कॉल लावून तू मंडीत निरोप दिलास. ते निघाले हे कळेपर्यंत फोन सोडला नाहीस. दुपारी एकच्या सुमारास ते बसनं आले आणि बूट काढून खाटेवर आडवे झाले. बाई वाचली, मूलही वाचलं. त्यानंतर तू आत जाऊन यादी परत आणलीस.

ती बाई वाचली नसती तर मी आज काय लिहिलं असतं, याचा विचार मी रोज करते.

सोमवारी साहेबांनी तुला बोलावलं. मशीनची जबाबदारी तुझी, पासवर्ड तुझ्याजवळ, मग हे झालं कसं? तू म्हणालीस, "माझ्या हातून राहिलं, सर." एवढंच. मी शेजारच्या टेबलावर होते. तुला वाटलं असेल की जाताना तुझ्याकडून काही अर्धवट राहून गेलं, असं मी धरून बसले. तुला ठाऊक नाही, असंच मी धरलं. ते सोयीचं होतं.

मेमो मी टाइप केला. साहेबांनी सांगितला आणि मी टाइप केला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे.' एकही चूक नाही, खाडाखोड नाही. मी तो कागद टाइपरायटरमधून काढत असताना मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, या लोकांना पुढे आणलं की असंच व्हायचं. मी ते ऐकलं, मान वर केली नाही, आणि पुढचा कागद लावला. शशी, टेपबद्दल तू मला माफ करशील असं मला वाटतं. या पुढच्या कागदाबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

तू सही करून मेमो घेतलास. मग आपण दोघी बसलो आणि त्या आठवड्यात आलेले नवे दाते पुन्हा भरले. तू नावं वाचत होतीस, मी टाइप करत होते.

तुझं शिकवणं थांबलं नाही. मी स्वतःच्या घरात प्रोग्राम चढवायला शिकले. कोणत्या फाइलवर कोणाचा हक्क आहे ते वाचायला शिकले. मोठी आणि लहान अक्षरं या मशीनला वेगळी वाटतात हे मी विसरायची, त्याबद्दल तू मला चिडवायचीस. दोन महिन्यांनी एक दिवस तू खुर्ची जवळ ओढलीस आणि हळूच म्हणालीस की सुपरयुझरचा पासवर्ड मी बदलला आहे, नवा तुझ्याजवळही असू दे, मला कधी काही झालं तर मशीन अडून बसायला नको. तू तो सांगितलास. मी कागदावर लिहून घेतला. तू उठली नाहीस.

"काही म्हणाचं आहे का वं, ताई?"

मी म्हटलं, नाही. काही नाही.

ते दार तू उघडून धरलं होतंस, हे मला तेव्हाही थोडंसं कळलं होतं. मी कळू दिलं नाही.

उन्हाळ्यात तुला कावीळ झाली. पहिल्यांदा आपण हसण्यावारी नेलं. तू म्हणालीस, कम्प्युटरच्या खोलीत बसून बसून ऊन सोसायची सवय मोडली. मग अकरा दिवसांत सगळं संपलं. मी दवाखान्यात एकदाच आले. दुपारची भेटायची वेळ होती. बसमध्ये मी ते वाक्य मनात म्हणत आले, ती टेप मी लावली होती, ती टेप मी लावली होती, महालापासून दवाखान्यापर्यंत. वॉर्डात तुझे यजमान, शाळेतले मास्तर, तुझ्या पायाशी बसले होते. मला पाहून ते पाणी आणायला उठून गेले. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू विचारलंस, नवी टेप आली म्हणे? मी म्हटलं, आली आहे, तू ये, मग पाहू. तू म्हणालीस, माझी वाट पाहू नको, तुला जमतं आता. आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलीस, आधी यादी काढ, जागा किती शिल्लक आहे ते पाह्य. दम लागत होता तुला. मी तुझा हात धरला. म्हटलं, शशी, ऐक. तेवढ्यात नर्स आली, सलाइन बदलायचं होतं, बाहेर व्हा म्हणाली. मी जिन्यावरच ठरवलं, उद्या सांगते.

पुण्यानुमोदनाच्या विधीला तुझ्या घरी मी मागच्या रांगेत बसले होते. तुझी मुलगी सगळ्यांना पाणी देत होती. मलाही दिलं.

नवी टेप मी गेल्या सोमवारी लावली. एकटीनं. यादी काढली, एकूण एक ओळ वाचली, आपल्या दात्यांच्या नावाची फाइल कुठे बसते ते दोनदा तपासलं. मशीननं सांगितलं की जागा कमी पडते. जुन्या नोंदींच्या फायली मोठ्या झाल्या असतील तर त्या काढाव्यात, असं पुस्तकात लिहिलं होतं. काढायच्या आधी मी एकेक उघडून पाहिली. त्यातली एक फाइल मला माहीतच नव्हती. कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या टर्मिनलवरून सुपरयुझर झालं, ते मशीन तिच्यात आपणहून लिहून ठेवतं. पानंच्या पानं तुझं नाव होतं. त्यात एका शुक्रवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, टर्मिनल दोनवरून, माझं.

दर सोमवारी काही फायली तू डोळ्यांखालून घालायचीस, हे मी पाहत होते. काय वाचतेस म्हणून कधी विचारलं नाही. मशीनची जबाबदारी तुझी होती. त्या सोमवारी साहेबांपुढे उभी राहण्याआधी तू ही ओळ वाचली होतीस.

मी खोलीतच खाली बसले, जमिनीवर.

मग उठून टेपचं काम पुरं केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, नलिनीबाई, ती तर आता नाही, कशाला हे? मी म्हटलं, तिच्या फाइलमध्ये मेमो आहे, तिथे हे लावा. त्यांनी तुझी फाइल काढून समोर ठेवली. म्हणाले, चूक माझीही आहे, मी तिला दुसरा प्रश्न विचारला नाही. मेमोवर त्यांनी आडवी रेघ मारून सही केली आणि माझं पत्र त्याला टाचलं. चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. मागच्या टेबलावरचा तो माणूस कपात पाहत राहिला.

काल रविवार होता. सकाळी इंदोऱ्याला तुझ्या घरी गेले. मास्तर व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, पासवर्डापासून मेमोपर्यंत. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. संपल्यावर म्हणाले, "बसा ताई. मले माहीत आहे हे. तिनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं."

मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं तिनं?

"मी बी हेच म्हटलं. भांडलो तिच्याशी. दुसऱ्याचा डाग तू काहून लावून घेतं म्हणलं. तं म्हणे, ताई सांगन. तिले थोडा वेळ लागन, पण सांगन. रोज संध्याकाळी घरी आली का मी इचारायचो, सांगितलं का? मंग मीच इचारणं सोडून देलं."

त्यांनी वह्या एकावर एक रचल्या, उगाचच, परत सारख्या केल्या.

"दवाखान्यात तुम्ही येऊन गेल्या ना, त्या दिवशी मी पाणी घेऊन परत आलो तं पुन्हा इचारलं. म्हणे, आज सांगतच होती ताई. नर्स आली मधात."

शशी, नर्स आली नसती तर मी सांगितलं असतं, असं तू मनाशी धरून गेलीस. मी किती वेळा स्वतःला तिथे, त्या खाटेशी, उभं करून पाहिलं. मला अजून खात्रीनं सांगता येत नाही.